दीपगृहवाल्याचा तंबू

पोर्ट ऑल्बी, ९ मे २०२३
आकाश ढगाळ. वारा आग्नेय, बारा. लाट दोन फुटी. नजर पंधरा मैलांपर्यंत.

प्रिय टोमॅटो,

हे पत्र मिळाल्यावर फोन करू नकोस. इथे वर स्वयंपाकघरात फोन आहे आणि कॉलीन कान देऊन ऐकते. आपण लहान होतो तेव्हा वायरलेसवर बाबा कोणाला काय बोलले ते संध्याकाळपर्यंत सगळ्या किनाऱ्याला पाठ असायचं, ते मी विसरलेलो नाही. गुपित असेल तर कागदावर लिहावं, हे आईचं म्हणणं मला अजून पटतं.

गुपित असं, की मी गांजा लावणार आहे.

दचकू नकोस, सरकारची परवानगी आहे. घरामागे चार झाडं लावता येतात, मी एकच लावणार. कारण ऐक. दीपगृह सोडून मला दोन वर्षं झाली, तुझी वहिनी आयरिस गेली, आणि मी मुलीच्या तळघरात राहायला आलो. सगळं ठीक आहे, फक्त झोप येत नाही. चौतीस वर्षं दर तीन तासांनी वायरलेसवर हवामान सांगितलं, पहिलं पहाटे पावणेचारला. आता ऐकणारं कोणी नाही, पण पावणेचार वाजले की मी उठतोच. अंगणात जातो आणि कपडे वाळत घालायच्या खांबाला सांगतो, 'ढगाळ, पंधरा, आग्नेय बारा.' माझा आवाज तुला माहीत आहे. जावईबापू ड्वेन शाळेची बस चालवतात. परवा त्यांना स्टिअरिंगवरच डुलकी लागली. बस उभी होती हे नशीब.

काल कॉलीनने जेवणाच्या टेबलावर 'सीडर हेवन' नावाच्या वृद्धाश्रमाचं रंगीत पत्रक ठेवलं. मुखपृष्ठावर एक म्हातारा फुगा धरून हसतोय. ती म्हणाली, "बाबा, थँक्सगिव्हिंगपर्यंत तुमची झोप जागेवर आली नाही, तर तिथली खोली घ्यावी लागेल. माझ्या हातात दुसरं काही उरलेलं नाही." म्हणजे ऑक्टोबरचा दुसरा सोमवार. मला तो फुगा धरायचा नाही, मर्ना.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झोपेच्या गोळ्या माझ्या हृदयाला झेपणार नाहीत, गांजाचं तेल थोडं घेऊन बघा, गुण येईल असं वचन देत नाही. दुकानात मिळतं. पण ज्या माणसाने खडकावर कोबी पिकवला त्याने दुकानातून विकत आणायचं?

तर दोन फूट बाय दोन फुटांचा तंबू आणलाय. आतून चांदीसारखा, कपड्याच्या कपाटाएवढा. प्रश्न दिव्याचा आहे. तू सव्वीस वर्षं काचघरात टोमॅटोवर दिवे लावलेस म्हणून विचारतो. दिवा कोणता घेऊ? माझं स्वतःचं मत असं, की जितका लांबून दिसेल तितका चांगला.

तुझा भाऊ,
ऑर्विल


मेडिसिन हॅट, १७ मे

प्रिय भोंग्या,

आधी हसून घेतलं, मग लिहायला बसले. समुद्रापासून सगळ्यांत लांब कुठे राहता येईल ते नकाशात शोधून मी या माळरानावर आले, ते तुझ्या आवाजासाठीच. तो आता खांबाला ऐकू जातोय हे वाचून खांबाची कीव आली.

तुझं मत पहिल्यांदा समुद्रात बुडव. झाड म्हणजे गलबत नव्हे. त्याला लांबून काही दिसायचं नसतं, ते हलत नाही. त्याला उजेड हवा तो डोक्यावर, सारखा पसरलेला आणि सोसेल इतका.

गांजा मी लावलेला नाही, पण पान ते पान. तेव्हा नीट वाच. डब्यावर जो मोठा आकडा छापलेला असतो, हजार, पंधराशे, तो निव्वळ फुशारकीचा. तो पाहू नकोस. भिंतीतून प्रत्यक्षात किती वॅट ओढतो ते बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ते बघ. तुझ्या कपाटाएवढ्या तंबूला खरे शंभर वॅट पुरे. जास्त घेतलास तर झाड भाजेल, आणि त्या तंबूत तूही. एलईडीच घे, तापत कमी. रंग दिवसाच्या उन्हासारखा पांढरा हवा, त्यात थोडे लाल ठिपके असले तर उत्तम. जांभळा दिवा घेऊ नकोस. लोक घेतात, कारण तो काहीतरी शास्त्रीय वाटतो, पण त्याखाली पान पिवळं पडलंय की आजारी आहे हे माणसाला कळत नाही. पाटीसारखा चपटा असू दे, म्हणजे उजेड मध्येच एका जागी न पडता कोपऱ्यांपर्यंत जातो. आणि कमी-जास्त करायची कळ हवीच हवी. त्याशिवाय घेऊ नकोस.

आणि ड्वेनला माझ्याकडून एक चांगला कापूस घेऊन दे, कानात घालायला.

मर्ना


पोर्ट ऑल्बी, ६ जून
धुकं. वारा नाही. नजर अर्धा मैल. भोंगा वाजवण्यासारखी हवा आहे, पण भोंगा नाही.

प्रिय टोमॅटो,

तुझं पत्र पोचायच्या दोन दिवस आधी मी दिवा घेतला होता. आता रागावू नकोस. त्याच्यावर पंधराशे लिहिलं होतं. आणि तो जांभळा आहे.

पण माझी खरी अडचण वेगळी आहे. माझ्या तळघराची खिडकी बंदराकडे तोंड करून आहे. दिवा लावल्यावर ती खिडकी बांगड्याच्या डोळ्यासारखी चमकायला लागली. तिसऱ्या दिवशी अनारसी नावाचा कोळी आपली होडी घेऊन धुक्यात आला आणि धक्क्याऐवजी आमच्या खालच्या दगडांत शिरला. लागलं कोणाला नाही, फक्त होडीचा रंग खरवडला. तो वर येऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "तिथे जांभळा दिवा कधी लावला हो? नकाशात नाही."

मर्ना, मी चौतीस वर्षं दीपगृह सांभाळलं. एकही गलबत चुकू दिलं नाही. आणि आता मी स्वतः किनाऱ्यावर नोंद नसलेला दिवा दाखवतोय! ज्या गुन्ह्यासाठी मी इतरांची तक्रार केली असती, तो माझ्याच खिडकीत उजळतोय. मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

उपाय सुचलाय. खिडकी झाकायच्या ऐवजी दिवा लुकलुकवावा. दर दहा सेकंदांनी एक झपक, म्हणजे तो वेगळा ओळखू येईल, आणि मी बंदर कचेरीला रीतसर कळवीन. झाडाला झपक चालेल का? त्वरित कळव.

बी रुजलंय. दोन पानं आली आहेत. बोटाच्या पेराएवढं आहे, पण ताठ उभं आहे.

ऑर्विल


मेडिसिन हॅट, १३ जून

भोंग्या,

नाही चालणार. झाड म्हणजे काही नाविक नव्हे, त्याला किती सेकंदांनी लुकलुकतं ते मोजायचं नसतं. खिडकीवर काळं कापड लाव, आणि अनारसीच्या होडीला रंग लावून दे. दुसरं काही करू नकोस. बंदर कचेरीला अजिबात कळवू नकोस, नाहीतर कॉलीन मला कळवेल की तुला फुगा देण्यात आला.

तुझ्यावर दिवा निवडायचं काम टाकणं म्हणजे मांजराला दूध राखायला बसवणं, हे माझ्या लक्षात आलं. म्हणून मीच एक पाठवतेय, पार्सल निघालंय. पांढरा, चपटा, खरे शंभर वॅट, कळ असलेला. जांभळा ड्वेनच्या बसमध्ये लाव, शाळेतली पोरं खूश होतील.

आता हे दोनदा वाच. छोट्या झाडावर दिवा साठ सेंटिमीटर वर टांग, आणि कळ चाळीसवर ठेव. शंभरातले चाळीस. रोज अठरा तास चालू, सहा तास बंद. मोठं झालं की पुढचं सांगीन.

मर्ना


पोर्ट ऑल्बी, ८ जुलै
आकाश निरभ्र. वारा वायव्य, पंधरा. लाट तीन फुटी. नजर पंधरा.

प्रिय टोमॅटो,

दिवा मिळाला. उत्तम दिवा आहे. मी तुला खोटं सांगणार नाही, तुझी चाळीसची सूचना मी पाळली नाही.

कारण सांगतो. आमच्याकडे एखादा दिवा शंभरातला चाळीसच जळत असेल तर त्याची रात्रीत दुरुस्ती व्हायची, सकाळी अहवाल जायचा आणि अपमान वर्षभर पुरायचा. कळ चाळीसवर फिरवणं माझ्याच्याने झालं नाही. म्हणून शंभरवर ठेवला. तीन दिवसांत पानांच्या कडा वर वळल्या, हात जोडून विनवणी करत असल्यासारख्या. मला आधी वाटलं, झाड आनंदात आहे. चौथ्या दिवशी टोकं तपकिरी झाली.

मग मी कळ पन्नासवर आणली. डोळे मिटून आणली. दोन दिवसांत पानं सपाट झाली, आणि आता दर दिवसाला एक नवीन जोडी निघते आहे. हातभर उंच आहे. मी रोज सकाळी दांडा मोजतो आणि वहीत लिहितो. खरं सांगतो मर्ना, दीपगृह सोडल्यापासून पहिल्यांदाच सकाळी उठण्यासाठी काही कारण आहे.

झोपेचं मात्र जैसे थे. ड्वेनने कापूस घेतला. आता त्याला गजर ऐकू येत नाही, म्हणून कॉलीन उठते त्याला उठवायला, आणि आता तीही जागी असते. ते पत्रक फ्रिजवर चिकटवलंय. रोज दूध काढताना तो फुगेवाला म्हातारा मला बघून हसतो.

आता पुढचं सांग. वेळ कमी आहे.

ऑर्विल


मेडिसिन हॅट, १५ जुलै

भोंग्या,

पन्नास चालेल. डोळे मिटून का होईना, मोठ्या माणसासारखा वागलास.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. पुढच्या आठवड्यापासून बारा तास उजेड, बारा तास अंधार. दिवस लहान झाले असं झाडाला वाटलं की ते फुलायला लागतं, एरवी फक्त वाढत सुटतं. सकाळी सात ते संध्याकाळी सात दिवा, नंतर सकाळी सातपर्यंत अंधार. आपोआप चालू-बंद होणारं घड्याळ लाव, तुझ्या हातावर विश्वास नाही. कळ आता ऐंशीवर घ्यायला हरकत नाही, दिवा झाडाच्या शेंड्यापासून दीड फूट वर.

पंधरा दिवसांत दांड्याच्या सांध्यांवर पांढरे केस दिसायला लागतील, तीच फुलाची सुरुवात. दिसले की कळव.

मर्ना


पोर्ट ऑल्बी, २४ ऑगस्ट
अंशतः ढगाळ. वारा दक्षिण, आठ. नजर बारा.

प्रिय टोमॅटो,

एक महिना झाला. एक केस नाही.

झाड तंबूच्या छपराला टेकलंय. मी ते दोरीने खाली बांधलं, तर बाजूला पसरलं. काल झिप उघडल्यावर एका फांदीने माझा चष्मा काढून घेतला. ड्वेन खाली आला, बघून म्हणाला, "बाबा, हे आता फुलणार नाही, हे राहायला आलंय."

माझ्या मते तुझ्या दिव्यात लाल कमी आहे. दुसरा, मोठा घेऊ का? कारण अंधारात खोट नाही. अंधार अगदी काटेकोर आहे. मी स्वतः खात्री करून घेतो.

साडेसहा आठवडे उरलेत. आणि त्यातून फूल यायला, सुकायला, तेल करायला वेळ लागतो, हे मला कळतं. मी कोणाला बोललो नाही, पण काल सीडर हेवनचं पत्रक उघडून वाचलं. तिथे सगळ्या खोल्यांचे दिवे रात्री नऊला एकाच कळीने बंद करतात. ती कळ कोणाकडे असते ते लिहिलेलं नाही.

ऑर्विल


मेडिसिन हॅट, ३१ ऑगस्ट

प्रिय ऑर्विल,

दिव्यात काही खोट नाही. दुसरा घेतलास तर मी येऊन तुझ्या डोक्यावर आपटीन. तरी तुझ्यासाठी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, दिवा चांगलाच आहे. मी म्हटलं, मलाही माहीत आहे. मग उगाचच आमचं भांडण झालं, आणि शेवटी त्याने मला टोमॅटोची कीड कशी घालवायची ते विचारलं.

उजेड कुठून तरी झिरपतोय. शोध. पंख्याच्या प्लगवर लाल ठिपका असेल त्यावर काळी चिकटपट्टी लाव. झिपेच्या बाजूने फट असेल ती बघ. बॉयलरची ज्योत, कॉलीनच्या धुलाई यंत्राचे आकडे, मोहरीएवढं काहीही चमकत असेल ते झाक. अंधारात एकदासुद्धा उजेड पडला तर झाडाला वाटतं रात्र संपली, आणि ते पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतं.

बियांवरही मला संशय आहे. आणि खरं सांगू, आता माझ्यावरही. मी टोमॅटोच जाणते. तुझी खोली गेली तर तो दोष मी कुठे ठेवू?

मर्ना


पोर्ट ऑल्बी, ७ सप्टेंबर

मर्ना आत्या,

बाबांना न सांगता लिहितेय. त्यांच्या वहीतलं एक पान सोबत जोडलंय, फाडताना जिवावर आलं.

तुम्ही त्यांना अंधार सांभाळायला सांगितलंत ना? ते सांभाळतायत. रात्री दहाला उठतात, तीन वॅटांची छोटी नाही, तर धक्क्यावर वापरतात ती मोठी टॉर्च घेतात, तंबूची झिप उघडतात, डोकं आत घालतात, सगळीकडे उजेड फिरवून बघतात, आणि झिप लावून वहीत लिहितात, 'अंधार ठीक.' मग एकला. मग पावणेचारला. त्यानंतर अंगणात जाऊन हवामान. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "कॉलीन, बारा तास कोणी बघितलंच नाही तर दिवा बंद आहे हे ठरवणार कसं?"

आत्या, मी वाईट मुलगी नाही. मी त्या खडकावरच वाढले, बाबांच्या पायांचा आवाज ऐकत झोपले. पण ड्वेनच्या बसमध्ये एकेचाळीस मुलं असतात. आणि मीही आता दिवसभर भिंती धरून चालते. सीडर हेवनचा फॉर्म भरून ठेवलाय. सही तेवढी बाकी आहे. तो ड्रॉवर मी दिवसातून दहा वेळा उघडते आणि बंद करते. त्या झाडावर त्यांचा इतका जीव आहे, की ते फुललं नाही तर सही करायचा धीर मला होईल की नाही हेही कळत नाही. करावी तर लागेलच.

तुम्ही त्यांना सांगा ना. माझं ऐकत नाहीत. तुम्ही त्यांच्यापेक्षा लहान असूनही तुमचं ऐकतात.

कॉलीन

(जोडलेलं पान:)
२२.०० अंधार ठीक.
०१.०० अंधार ठीक. एका पानावर कोळ्याचं जाळं, काढलं.
०३.४५ अंधार ठीक. झाड उत्साही वाटलं.


मेडिसिन हॅट, १२ सप्टेंबर

ऑर्विल टेनंट!

काय उजेड पाडलास! चौतीस वर्षं नोकरी केलीस, आणि अंधार आहे की नाही ते टॉर्च लावून बघतोस? जमीन सुकी आहे का ते बादली ओतून बघशील का?

बिचारं झाड. रोज तीनदा त्याला वाटतं सकाळ झाली, तीनदा ते उठतं, आणि तू तोंडावर झिप ओढतोस. त्यालाही तुझ्यासारखी झोप नाही. मग फुलणार कधी?

कोणी सांगितलं ते विचारू नकोस. इकडेही कान आहेत.

आता ऐक, आणि हा सल्ला नाही, हुकूम आहे. काचघरात माझ्या हाताखाली बारा माणसं होती, तुझ्या खडकावर तू आणि कोबी. म्हणून मी वरिष्ठ. आजपासून तुझी नेमणूक अंधाराच्या पहाऱ्यावर. संध्याकाळी सातला तंबू बंद झाला की समोर खुर्ची टाकून बसायचं. हातात टॉर्च नाही, मेणबत्ती नाही, चमकणारं घड्याळ नाही. झिपेला हात लावायचा नाही. तुझं काम एवढंच, की सकाळी सातपर्यंत त्या तंबूत कोणीही उजेड नेऊ नये. कोणी आलं तर अडवायचं. दिवा पेटता राखणं तुला येतं, अंधार तसाच राखता येतो का ते मला बघायचंय. ड्वेनलाही सोडायचं नाही.

खांबाला हवामान सांगायला पहारा सोडून जायचं नाही. पहारेकरी जागा सोडत नाही, हे तुला मी सांगायला नको.

मर्ना


पोर्ट ऑल्बी, १९ सप्टेंबर
(हवामान खिडकीतून, अंदाजे: ढगाळ.)

आदरणीय वरिष्ठ,

नेमणूक मिळाली. चार दिवस पहारा चालू आहे. इतकं कठीण काम आयुष्यात केलं नाही. समोर एक काळा तंबू, त्यात काय चाललंय ते दिसत नाही, आणि बघायचं नाही. दीपगृहात निदान वर मान केली की कळायचं.

परवा ड्वेन फोनचा उजेड दाखवत लोणच्याची बाटली शोधायला खाली आला. मी ओरडलो, "थांब! उजेड मालव!" तो जिन्यावरच बसला. मी त्याला हाताला धरून अंधारात फडताळापर्यंत नेला आणि अंधारातच परत पोचवला. वर गेल्यावर कळलं की तो मुरंबा घेऊन गेला. सकाळी त्याने सांगितलं की सॉसेजबरोबर मुरंबाच खाल्ला, आणि आवडला.

एक विचारायचं होतं. पहारेकऱ्याने खुर्चीत बसावं की उभं राहावं? तू खुर्ची म्हणालीस म्हणून बसलो. मऊ खुर्ची आहे. हे मला धोक्याचं वाटतं.

ऑर्विल


पोर्ट ऑल्बी, ५ ऑक्टोबर (तातडीच्या टपालाने)
हवामान: माहीत नाही. कारण खाली देतो.

प्रिय मर्ना,

हे पत्र लिहायला मला लाज वाटते. चौतीस वर्षांत माझ्या नावावर एकही ठपका नव्हता. आता आहे.

मी पहाऱ्यावर झोपलो.

एकदा नाही. पहिल्यांदा २० तारखेला. आठला डोळा लागला तो पाचला उघडला. मी स्वतःला समजावलं, चूक झाली, वय झालं. वहीत मी लिहिलं, 'सर्व ठीक', आणि खोटी नोंद करायची ही माझी पहिलीच वेळ. दुसऱ्या रात्री जाणूनबुजून ताठ बसलो. सहाला उठलो, मान वाकडी झालेली. मग रोज. आज पंधरा रात्री झाल्या, मर्ना, पंधरा. अंधारात नुसतं बसायचं, काही बघायचं नाही, काही मोजायचं नाही, असं काम मला आयुष्यात कोणी दिलं नव्हतं, आणि मला ते जमत नाही. मी बसतो आणि झोपी जातो. तुला सांगायचं धाडस होत नव्हतं.

आज तर कहर झाला. सकाळचे सात वाजून गेले. तंबूतला दिवा आपोआप लागला, झिपेच्या कडेने उजेड आला, तरी मी घोरत होतो. नाश्त्याला मी वर आलो नाही, म्हणून कॉलीन खाली आली. मी खुर्चीत, तोंड उघडं, हात लोंबकळते. तिला वाटलं मी गेलो. तिने "बाबा" म्हणून अशी किंकाळी मारली की माझा भोंगाही लाजला असता. मी खडबडून उठलो आणि म्हणालो, "उजेड मालव!" ती मटकन जमिनीवर बसली. आधी हसली, मग रडायला लागली, मग मला विचारलं, "बाबा, तुम्ही किती दिवस झोपताय?" मी खाली मान घालून कबूल केलं, पंधरा. ती म्हणाली, "म्हणूनच घर इतकं शांत आहे. मला वाटलं ड्वेनचा कापूस माझ्याही कानात गेलाय."

मग वर जाऊन तिने ड्रॉवर उघडला. मला जिन्यावरून कागद फाटल्याचा आवाज आला. नंतर तिने सीडर हेवनला फोन केला आणि सांगितलं, ती खोली दुसऱ्या कोणाला द्या. ड्वेन बस काढायच्या आधी खाली आला, माझा हात धरून पाच मिनिटं हलवत राहिला. त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं.

आणि झाडावर केस आलेत. पांढरे, प्रत्येक सांध्यावर, झुपकेच्या झुपके. मी न बघता आलेत. तेलाचं काय करायचं कोणाला सुचेना. मला तर त्याची गरजच उरली नाही असं डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या.

पण माझ्या मनाला शांती नाही. पोरीला वाटतं मी बरा झालो, आणि त्या आनंदात तिने फॉर्म फाडला. खरी गोष्ट अशी, की मी बरा झालेलो नाही, कामचुकार झालोय. माझ्यावर भरवसा टाकला आणि मी घोरलो. सोमवारी थँक्सगिव्हिंगच्या जेवणाआधी तिला हे सगळं सांगावं असं वाटतं. तुला माझा राजीनामा सोबत पाठवतोय. अंधारासाठी एखादा जबाबदार माणूस बघ.

तुझा नालायक भाऊ,
ऑर्विल


मेडिसिन हॅट, ७ ऑक्टोबर
(तातडीच्या टपालाने)

प्रिय ऑर्विल,

तिला काहीही सांगू नकोस.

राजीनामा नामंजूर. आज रात्री सातला पहाऱ्यावर हजर हो.

मर्ना